पुराच्या नद्या आणि पाण्यातले कीटक : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या नदीविषयी बोलणे निघाले की ते दुष्काळ आणि महापूर या दोन टोकांवरच फिरत राहते. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा दुथडी भरून वाहिली. 2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठची उभी पिके पाण्याखाली गेली. माणसांचे, जनावरांचे आणि शेताचे पंचनामे होतात, ते व्हायलाच हवेत. पण ज्यांचे सारे बालपणच पाण्यात जाते अशा कीटकांचे या उलथापालथीत काय होते, हा प्रश्न विद्यार्थी, शिक्षक आणि नदीकाठचे शेतकरी आता आवर्जून विचारू लागले आहेत. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमच्या नद्या वर्षातला बराच काळ आटलेल्या असतात. त्यांत कीटक राहतात तरी कसे?

मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. खाली बेसाल्टचा काळा पाषाण आणि वर चिकण काळी माती असल्यामुळे जोराच्या सरीचे पाणी मुरण्याऐवजी वाहूनच जाते. म्हणून बालाघाटाच्या डोंगरात रात्री दोन-तीन तास पाऊस कोसळला की बिंदुसरेसारखी लहान नदी पहाटेपर्यंत काठाला लागते आणि तितक्याच घाईने उतरते. गोदावरीचे तसे नाही. तिचे मूळ त्र्यंबकेश्वरापाशी असल्याने नाशिककडच्या पावसाचे पाणी पैठण, गंगाखेड, नांदेड असे खाली येते. आकाश निरभ्र असतानाही गोदाकाठाला पूर येऊ शकतो, तो यामुळे.

अशा नदीत टिकायचे तर कीटकाजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे लवकर उरकणारे आयुष्य आणि दुसरी म्हणजे पाण्याबाहेर पडण्याची वाट. थंड प्रदेशातल्या काही पाणकीटकांच्या पिल्लांना वाढायला एक ते तीन वर्षे लागतात, कारण थंड पाण्यात वाढ मंद असते. आपल्याकडचे पाणी उबदार असल्याने लहान जातींच्या मेफ्लाय (पंख फुटल्यावर एक-दोन दिवसच जगणारे नाजूक पाणकीटक) किंवा चिलटांसारख्या माशा काही आठवड्यांतच अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचतात आणि एका वर्षात त्यांच्या अनेक पिढ्या होतात. आपल्या नद्यांत जे कीटक दिसतात ते दुष्काळ आणि पूर या दोन्ही चाळण्यांतून गळून उरलेले आहेत, असे म्हटले तरी चालेल.

पाणकीटकाचे जीवनचक्र नेमके कसे असते?

शाळेत फुलपाखराचे अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला कीटक अशा चार अवस्था शिकवतात. डास, कॅडिसफ्लाय (लहान पतंगासारखा दिसणारा पाणकीटक), पाणभुंगे आणि काळ्या माशा यांचे चक्र याच प्रकारचे असते. चतुर, टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद), मेफ्लाय आणि पाणढेकूण यांना मात्र कोषाची अवस्था नसते. त्यांचे पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते आणि शेवटच्या कातीतून पंख घेऊन बाहेर पडते.

पुराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कोषात असलेला कीटक हालचाल करू शकत नाही. पाणभुंग्याची पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठावर येते आणि ओलसर मातीत लहानशी पोकळी करून तिच्यात कोष बनवते. त्या आठवड्यात काठ पाण्याखाली गेला तर पळून जाण्याचा मार्गच नसतो. पूर्ण वाढलेला पाणभुंगा मात्र पंख उघडून दुसरा तलाव गाठतो. त्यामुळे एकाच पुरात एकाच जातीचे काही जीव सहज वाचतात आणि काही हमखास मरतात. कोण कोणत्या अवस्थेत असताना पूर आला, यावर बरेच काही ठरते.

पूर आल्यावर हे कीटक जातात कुठे?

बहुतेक वाहून जातात किंवा मरतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सिकॅमोर क्रीक नावाचा वाळवंटी ओढा आहे आणि तो आपल्या ओढ्यांसारखाच एकाएकी फुगतो. तेथे 1982 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका लोंढ्याने तळातल्या लहान जीवांचा सुमारे 98 टक्के साठा नाहीसा झाल्याचे आढळले होते. पाण्याचा नुसता वेग त्यांना मारत नाही. खरा घात होतो तो तळ हलल्यामुळे, म्हणजे गोटे एकमेकांवर आपटतात, वाळू घासत जाते आणि तिच्यात सापडलेली नाजूक शरीरे चिरडली जातात. ज्या ठिकाणी तळ हलत नाही तेथे जीव वाचतो. त्यामुळे कीटक कुठे जातात हे विचारण्याआधी नदीचा कोणता भाग हलत नाही, ते पाहावे लागते.

आपल्या नद्यांत असे आसरे पुष्कळ आहेत. पात्रातल्या काळ्या खडकाच्या भेगा आणि रांजणखळग्यांच्या कडा हे सर्वांत भरवशाचे आसरे होत. करंज, जांभूळ, वाळुंज यांची पाण्यात उतरलेली मुळे आणि लव्हाळ्याची दाट बेटे यांच्यात पाण्याचा वेग एकदम कमी होतो. मोठ्या धोंड्यांच्या मागे शांत पाण्याचा एक पट्टा राहतो. पूर चढताना पाणी शेजारच्या खोलगट जागेत किंवा जुन्या पात्रात शिरते, त्याबरोबर काही कीटक तेथे ढकलले जातात आणि पूर उतरेपर्यंत तग धरतात.

वाळूखालची जागा यांहून वेगळी आहे. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की गावातल्या बायका पात्रात हातभर खड्डा खणून त्यात पाझरलेले पाणी वाटीने भरून घेतात. त्या खड्ड्याला आपण झिरा म्हणतो. झिऱ्यात येणारे पाणी वाळूच्या कणांमधून सावकाश फिरत असते आणि त्याच फटींत मेफ्लायची कोवळी पिल्ले, चिलटांच्या अळ्या आणि नुकतीच फुटलेली अंडी राहतात. वरून लोंढा गेला तरी काही फूट खोल असलेल्या वाळूला त्याचा धक्का बसतोच असे नाही. नदीचे हे तळघर शाबूत असेल, तर पूर ओसरल्यावर पहिली वस्ती तेथूनच वर येते.

काही जाती तर प्रवाहाला धरूनच राहण्यासाठी घडल्या आहेत. काळ्या माशीची अळी दगडावर रेशमाचा ठिपका चिकटवते आणि शेपटाकडच्या बारीक आकड्यांनी त्याला घट्ट धरते. सुटलीच तर रेशमी धाग्याला लटकून पुन्हा जागेवर येते. कॅडिसफ्लायच्या एका कुळातल्या अळ्या दगडांच्या फटीत रेशमी जाळे विणतात आणि वाहत आलेले अन्न त्यात अडकवून खातात. मध्यम फुगवट्यात हे दोन्ही कीटक टिकतात. दगडच उलटला तर मात्र त्यांचा काही इलाज चालत नाही.

आणि ज्यांना पंख फुटले आहेत ते त्या वेळी पाण्यात नसतातच. पूर चालू असताना काठच्या झाडांच्या पानांखाली बसलेले हे प्रौढ कीटक म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे होय. काठ उघडाबोडका असेल तर हे बियाणे साठवायला जागाच उरत नाही.

दर पुरात कीटक खाली वाहून जात असतील, तर नदीच्या वरच्या भागात ते शिल्लक कसे राहतात?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. पूर नसतानाही पाणकीटकांची पिल्ले, विशेषतः रात्री, तळ सोडून थोडे थोडे अंतर वाहत जातात. या हिशेबाने उगमाकडचे ओढे केव्हाच रिकामे व्हायला हवे होते. स्वीडनमधील कार्ल म्युलर यांनी 1954 साली असे उत्तर मांडले की पंख फुटलेल्या माद्या अंडी घालण्यापूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेने उडत जातात आणि वाहून गेलेल्या पिढीची भरपाई करतात. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या. सगळ्याच माद्या उगमाकडे जातात असे नाही, आणि थोड्या माद्यांनी घातलेली शेकडो अंडीसुद्धा वरचा भाग भरून काढायला पुरतात, कारण तेथे गर्दी कमी व अन्न भरपूर असल्याने जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण वाढते.

आपल्याकडे या गोष्टीला एक जोड आहे. मोठ्या नदीला पूर असतो तेव्हा तिला मिळणारे सगळे ओढे एकाच वेळी फुगलेले असतातच असे नाही. दुधनेला लोंढा आला म्हणून पूर्णेच्या प्रत्येक ओहोळाला आला असे होत नाही. जो ओढा शांत राहिला तो शेजारच्यांना माद्या पुरवतो.

पूर ओसरल्यावर नदी पुन्हा भरायला किती दिवस लागतात?

प्रथम दगडांवर शेवाळाचा पातळ थर येतो. त्यापाठोपाठ काळ्या माशा, चिलटांसारख्या माशांच्या अळ्या आणि लहान मेफ्लाय येतात, आणि उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत दगड उलटताच त्यांची लगबग दिसू लागते. चतुरांना यापेक्षा अधिक वेळ लागतो. वाळूत पुरून बसणाऱ्या त्यांच्या काही जातींची पिल्ले महिनोन् महिने वाढत असतात, म्हणून त्यांची वस्ती सर्वांत शेवटी पूर्ववत होते.

दिवसांच्या आकड्यापेक्षा दोन पुरांमधले अंतर अधिक महत्त्वाचे असते. मघा नक्षत्रात एक पूर येऊन गेला आणि पुढचा थेट हस्तात आला, तर मधल्या महिन्याभरात जलद वाढणाऱ्या जातींची एक पिढी पंख लावून बाहेर पडलेली असते. तोच दुसरा पूर आठ दिवसांत आला, तर नुकतीच वसलेली बाळे पुन्हा जातात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. दिवाळीच्या आसपास, पाणी निवळलेले आणि प्रवाह ठरलेला असताना, नदीत सर्वांत जास्त विविधता दिसते. कीटक पाहायचे असतील तर तोच काळ निवडावा.

पूर येणार हे कीटकांना आधी कळते का?

काहींना कळते असे म्हणायला आधार आहे. ॲरिझोनातल्या ओढ्यांत अबेडस हर्बर्टी नावाचा उडू न शकणारा मोठा पाणढेकूण राहतो. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड लायटल यांच्या अभ्यासांतून असे दिसले की जोराचा पाऊस बराच वेळ लागून राहिला की हा कीटक पाण्यातून बाहेर येतो, काठ चढून जातो आणि लोंढा गेल्यावर परत येतो. त्याला पुराची चाहूल पावसावरून लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धरणाचे दरवाजे उघडल्यावर येणाऱ्या लोंढ्याआधी खालच्या गावात पाऊस पडलेला असेलच असे नाही. गावकऱ्यांसाठी दवंडी दिली जाते किंवा भोंगा वाजतो. पावसाच्या खुणेवर विसंबणाऱ्या जीवाला तशी कोणतीच सूचना मिळत नाही. आपल्याकडच्या एखाद्या जातीवर हे थेट तपासण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाने जरूर हाती घ्यावे.

मग उन्हाळ्यात नदी पूर्ण आटते तेव्हा काय होते?

माझ्या मते मराठवाड्यातल्या पाणकीटकांची खरी कसोटी पुरापेक्षा वैशाखात लागते. पूर दोन दिवसांत उतरतो, कोरड मात्र चार महिने टिकते. या काळात तीन वाटा खुल्या असतात. पाणभुंगे, पाणढेकूण, पाणविंचू आणि पाठीवर पोहणारे कीटक उडून दुसरीकडे जातात. एखादा खोल डोह, पाझर तलाव, शेततळे, विहीर किंवा गावची जुनी बारव त्यांना पुरते. मराठवाड्यातल्या बारवांचे मोल आपण वास्तुकलेच्या अंगाने सांगतो, पण पाणी टिकवणारी बारव भर उन्हाळ्यात पाणकीटकांचा मुक्कामही सांभाळते.

दुसरी वाट खाली, ओल्या वाळूत आणि गाळात जाते. तिसरी वाट थांबून राहण्याची आहे, म्हणजे अंड्याच्या किंवा अळीच्या अवस्थेत वाढ रोखून धरण्याची. या शेवटच्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण आफ्रिकेत सापडते. खडकांवरच्या लहान डबक्यांत राहणाऱ्या पॉलिपेडिलम वँडरप्लँकी या माशीची अळी डबके आटले की स्वतःही वाळून जाते. तिच्या शरीरात जेमतेम 3 टक्के पाणी उरते, आणि पाऊस पडताच ती पुन्हा हालचाल करू लागते. प्रयोगशाळेत अशा अळ्या 17 वर्षे कोरड्या ठेवल्यानंतरही जिवंत झाल्या आहेत. ही माशी आपल्याकडची नाही, तरी पाण्यातल्या कीटकाला पाण्यावाचून किती काळ काढता येतो याचे माप तिच्यावरून मिळते.

मेफ्लाय एकच दिवस जगते, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. पंख फुटलेली मेफ्लाय काही तास ते एक-दोन दिवस जगते. तिचे तोंड निकामी असते, त्यामुळे ती काही खात नाही. जोडी जमवणे आणि अंडी घालणे एवढेच तिचे काम असते. अमेरिकेतल्या डोलानिया अमेरिकाना या जातीच्या मादीचे पंखांनिशी आयुष्य तर पाच मिनिटांपेक्षाही कमी असते. पण त्याआधी पिल्लाच्या रूपात तिने आठवडे किंवा महिने पाण्यात काढलेले असतात. ‘एक दिवसाचे आयुष्य’ म्हणणे म्हणजे एखाद्याचे वय त्याच्या लग्नाच्या दिवसापासून मोजण्यासारखे आहे.

या कीटकाची आणखी एक खासियत आहे. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गट आहे. सकाळी भिंतीवर पंखांसकट पारदर्शक काती चिकटलेल्या दिसल्या तर त्या बहुधा मेफ्लायच्या असतात.

पावसाळ्यात घरातल्या दिव्याभोवती जमणारे किडे नदीतूनच आलेले असतात का?

सगळे नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर थव्याने येऊन पंख गाळणारे किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवी होय. तिचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात आणि ती जमिनीतून निघते. मेफ्लाय ओळखायची खूण अशी की ती पंख पाठीवर उभे धरून बसते आणि तिच्या मागे केसासारखे दोन किंवा तीन लांब धागे असतात. कॅडिसफ्लाय लहान पतंगासारखी दिसते, पंख छपरासारखे मिटते आणि तिच्या मिशा लांब असतात.

नदीकाठच्या गावांत या कीटकांची दिव्यांपेक्षाही मोठी फसवणूक ओला डांबरी रस्ता करतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची जी खूण पाहून मेफ्लाय अंडी घालायला उतरते, तशीच खूण डांबर, गाडीचा चकचकीत टप आणि सौर पॅनेलही दाखवतात. मग ती बिचारी रस्त्यावरच अंडी घालून मरते.

ऑगस्टपासून सोयाबीन आणि कापसावर घिरट्या घालणारे चतुर कुठून येतात?

या थव्यांत बहुतांश पिवळसर रंगाचा, रुंद मागच्या पंखांचा पँटाला फ्लॅवेसन्स हा चतुर असतो. मोसमी वाऱ्यांबरोबर तो देशभर पसरतो आणि पावसाने साचलेल्या ताज्या डबक्यांत अंडी घालतो. इतर अनेक चतुरांच्या मानाने त्याचे पिल्लू फार लवकर, साधारण 38 ते 65 दिवसांत, वाढून बाहेर पडते. त्यामुळे पुराने काठावर सोडलेली डबकी आटण्यापूर्वीच तो उडून जाऊ शकतो. ज्या पुराने वाहत्या पाण्यातल्या जातींची वाताहत केली, तोच याला पाळणाघरे देऊन जातो.

मालदीवमध्ये राहून या चतुरांच्या आगमनाच्या नोंदी ठेवणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली असा निष्कर्ष मांडला की पावसाळा सरल्यावर ते भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या परत येतात. या चार पिढ्यांच्या फेरीचे एकूण अंतर 14,000 ते 18,000 किलोमीटर असावे असा त्यांचा अंदाज आहे. परभणीच्या एखाद्या शेतातल्या डबक्यात जन्मलेला चतुर समुद्रापलीकडे जात असेल ही कल्पना त्यामुळे अगदीच कवीची राहत नाही. वेडा राघू मात्र या चतुरांकडे निव्वळ जेवण म्हणून पाहतो.

पुरानंतर डास का वाढतात?

पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्याही वाहून जातात, म्हणून पहिले काही दिवस डास कमी झाल्यासारखे वाटतात. नंतर पात्रात, शेताच्या कडेला आणि रस्त्याच्या खड्ड्यांत पाणी साचून राहते. उबदार हवेत डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत जायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याच्या अळ्या खाणारे चतुर, पाणभुंगे आणि मासे मात्र त्या डबक्यांत इतक्या लवकर पोहोचत नाहीत किंवा वाढत नाहीत. शिकारी येण्याआधीचा हा रिकामा काळ डासांना मिळतो. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास पावसाळा ओसरल्यावर नदीपात्रात उरलेल्या संथ, उन्हातल्या डबक्यांत चांगलाच वाढतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र नदीतला नाही. तो घरातले हौद, टाक्या, टायर आणि कुंड्यांत वाढतो आणि त्याची अंडी महिनोन् महिने कोरडी राहूनही पाणी लागताच फुटतात. तेव्हा डेंग्यू आला म्हणून नदीत औषध फवारणे व्यर्थ आहे. त्याने चतुरांची पिल्ले मरतील आणि एडिस घरात सुखरूप राहील. गप्पी मासे हौदात सोडावेत, नदीत सोडू नयेत. तेथे ते डासांबरोबर इतर कीटकांची बाळेही खातात.

नराच्या पाठीवर अंडी असलेला किडा आम्ही पाहिला. हे खरेच शक्य आहे का?

होय. डिप्लोनिकस नावाचा चपटा, तपकिरी पाणढेकूण आपल्या तळ्यांत व संथ पाण्यात सर्रास आढळतो. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि ती फुटेपर्यंत नर त्यांना पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून हवा देतो. त्याला हातात घेऊ नये, तो कडकडून चावतो.

धरणे आणि बंधारे यांनी काय फरक पडला?

पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या 27 दरवाजांनी गोदावरीच्या पुढच्या प्रवाहाचे वेळापत्रक बदलले. धरणाच्या मागे जेथे खळाळ होता तेथे संथ पाणी आले. वाहत्या पाण्यातल्या मेफ्लाय व जाळी विणणाऱ्या कॅडिसफ्लाय तेथून हटल्या, आणि संथ पाण्यातले पाणढेकूण, टाचण्या व गाळातल्या अळ्या वाढल्या. धरणाच्या खाली लहान पूर येईनासे झाले, मोठा विसर्ग मात्र अचानक येतो. लहान पूर दगडांवरचा गाळ धुऊन जागा ताजी करत असत, ते काम आता होत नाही. उन्हाळ्यात कालव्यातून किंवा पात्रातून आवर्तन सुटते तेव्हा कोरड्या हंगामाला सरावलेल्या जीवांना एप्रिलमध्ये एकाएकी वाहते पाणी मिळते आणि ते बंद होताच तेथे घातलेली अंडी उघडी पडतात.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचा परिणाम याहून बारीक आहे. पावसाळा संपताना बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकले की मागचा खळाळ बुडतो. नदीतली विविधता याच सुमारास शिखरावर असते हे वर सांगितले आहे. शेतीला पाणी हवे यात शंका नाही. पण दोन बंधाऱ्यांमध्ये थोडा तरी वाहता टप्पा राहील अशी आखणी केली, तर बरेच काही टिकेल.

वाळू उपशाचा कीटकांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. वर ज्याला नदीचे तळघर म्हटले, ते वाळूचेच बनलेले असते. काही चतुरांची पिल्ले फक्त वाळूत पुरून जगतात आणि डोळे व शेपटाचे टोक तेवढे वर ठेवून भक्ष्याची वाट पाहतात. पात्र खडकापर्यंत खरवडले की त्यांची वस्ती हायवात भरून निघून जाते आणि पुढच्या पुरात लपायची जागाही उरत नाही. ज्या गावात झिरे लागेनासे झाले, त्या गावाच्या नदीतून पाणी आणि कीटक दोन्ही एकाच कारणाने गेले असे समजावे.

पुराने नदी स्वच्छ होते, असे म्हणतात. ते कितपत खरे?

साचलेला कचरा आणि सांडपाण्याचा गाळ पुढे जातो हे खरे. पण पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी शेतांतली माती, खते आणि कीटकनाशकेही बरोबर आणते. कापसाच्या बियाण्याला लावल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांना मेफ्लायची पिल्ले फार नाजूक असतात, अगदी थोड्या प्रमाणानेही ती दगावतात.

पाणी कसे आहे हे कीटकांवरून ओळखता येते. दगडाखाली मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अनेक जाती असतील तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे. गाळात फक्त लाल भडक अळ्याच वळवळत असतील तर तो कमी आहे. या अळ्यांचा लाल रंग आपल्या रक्तासारख्याच हिमोग्लोबिनमुळे येतो आणि त्याच्या बळावर त्या घुसमटलेल्या पाण्यातही जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक परीक्षणातही तळातल्या अशाच जीवांच्या कुळांना गुण देऊन पाण्याची प्रत ठरवतात.

शाळेतल्या मुलांसह हे पाहायचे असेल तर काय करावे?

एक पांढरा ट्रे किंवा ॲल्युमिनियमची परात, पिठाची जुनी चाळणी, भिंग आणि वही एवढे साहित्य पुरते. घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात चाळणी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी, तिच्यासमोरचा दगड हलवून हाताने चोळावा आणि चाळणीत आलेले परातीतल्या पाण्यात सोडावे. दगड उचलला तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी ठेवावा. मुले हे हमखास विसरतात. लव्हाळ्याच्या दांड्यांवर आणि पुलाच्या खांबांवर चतुरांच्या रिकाम्या काती मिळतात. त्या गोळा करण्यात कोणत्याही जीवाला धक्का लागत नाही, आणि त्या जागी किती चतुर नुकतेच बाहेर पडले याचा अंदाजही येतो.

एकाच जागी ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन फेऱ्या केल्या तर पुरानंतरची भरती आणि उन्हाळ्याकडची ओहोटी दोन्ही वहीत उतरतात. पावसाळ्यात मुलांना पात्रात नेऊ नये. धरणाच्या खालच्या गावांत विसर्गाची सूचना ग्रामपंचायतीकडून विचारून घेतल्याशिवाय इतर ऋतूंतही उतरू नये, कारण आवर्तनाचे पाणी कोरड्या पात्रात अनपेक्षितपणे येते. निघताना परात नदीतच उपडी करावी, दुसऱ्या ओढ्यात नाही.